कोल्हापूर ते नागपूर विमानाने: हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घरापासून घरापर्यंतचा हिशेब

माझी मावशी जयसिंगपूरला राहते, तिची लेक नागपूरला. नातवाच्या बारशासाठी मावशीला विमानाने पाठवायचे ठरले. मावसभावाने एका संकेतस्थळावर दोन विमानतळांची नावे टाकली. उत्तर आले: ७०० किलोमीटर, एक तास वीस मिनिटे. त्या दिवशी थेट विमान नव्हते, म्हणून त्याने मुंबईमार्गे दोन वेगवेगळी तिकिटे काढली आणि मध्ये सव्वा तास ठेवला. पहिले विमान चाळीस मिनिटे उशिरा उतरले, पट्ट्यावर बॅग यायला वीस मिनिटे गेली आणि मावशी पोचेपर्यंत दुसऱ्या विमानाचा काउंटर बंद झाला होता. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन ती रात्रीच्या विमानापर्यंत तिथेच बसून राहिली. दुसरे तिकीट नव्याने काढावे लागले, तेही ऐनवेळच्या दराने.

अशी अडचण घेऊन अधूनमधून कुणाचा तरी फोन येतोच, आणि चूक बहुधा हीच असते. अंतर सांगणारी संकेतस्थळे कुठल्याही दोन विमानतळांमधली सरळ रेघ मोजतात आणि तिला एका ठरावीक वेगाने भागतात. त्या मार्गावर विमान उडते का, कुठले उडते, आठवड्यातून किती दिवस उडते, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नसतो. म्हणून हा हिशेब स्वतः मांडायला शिकावे. कागद, पेन आणि फोनमधले गणनयंत्र एवढे पुरते. उदाहरण कोल्हापूर–नागपूरचे घेतले आहे, पण रीत कुठल्याही दोन छोट्या विमानतळांना चालते.

## आधी हाताशी काय ठेवायचे

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश, विमान कंपनीचे स्वतःचे वेळापत्रक आणि दोन्ही टोकांचे खरे पत्ते. घर कुठल्या भागात आहे आणि उतरल्यावर नक्की कुठे जायचे आहे, हे लिहून काढा. नुसते “नागपूर” लिहून भागत नाही. धरमपेठ आणि कामठी यांच्यात बराच फरक आहे.

## टप्पा १: विमानतळ पक्का करा

शहराचे नाव म्हणजे विमानतळ असे धरू नका. नाशिकचे विमान ओझरला उतरते, शिर्डीचे काकडीला, सिंधुदुर्गचे चिपीला. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत आणि ते राज्याच्या वेगवेगळ्या भागांत आहेत. मुंबईच्या बाबतीतही आता “मुंबई” आणि “नवी मुंबई” हे तिकिटावर नीट वाचावे लागते.

आपल्या उदाहरणात गोष्ट सोपी आहे. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, शहरापासून साधारण ९ किलोमीटरवर, आणि त्याची तीन अक्षरी खूण के-एल-एच. नागपूरचा सोनेगावला, वर्धा रोडलगत, खूण एन-ए-जी. तिकीट काढताना नावाऐवजी ही अक्षरे जुळवा. सगळ्याच खुणा अशा सरळ नसतात. नाशिकची आय-एस-के आहे, तर छत्रपती संभाजीनगरची आय-एक्स-यू. अंदाजाने टाकलेले अक्षर भलत्याच गावी नेते.

तपासा: तिकिटावर विमानतळाबरोबर टर्मिनलचा क्रमांकही असतो. तो आत्ताच कागदावर उतरवून ठेवा, टप्पा ५ मध्ये लागेल.

## टप्पा २: हवाई अंतर स्वतः काढा

कोल्हापूर विमानतळ साधारण १६.६६ उत्तर अक्षांश आणि ७४.२९ पूर्व रेखांशावर आहे. नागपूर २१.०९ उत्तर आणि ७९.०५ पूर्व. आता क्रमाने:

1. अक्षांशांची वजाबाकी: २१.०९ वजा १६.६६ म्हणजे ४.४३ अंश.
2. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. ४.४३ गुणिले १११, म्हणजे ४९२ किलोमीटर. नागपूर कोल्हापूरच्या एवढे उत्तरेला आहे.
3. रेखांशांची वजाबाकी: ७९.०५ वजा ७४.२९ म्हणजे ४.७६ अंश.
4. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून वर सरकावे तसा आखूड होत जातो. महाराष्ट्राच्या मध्यावर, १९ अंश अक्षांशाच्या आसपास, तो साधारण १०५ किलोमीटर भरतो. ४.७६ गुणिले १०५, म्हणजे ५०० किलोमीटर. नागपूर एवढे पूर्वेला.
5. दोन्हींचे वर्ग करून मिळवा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते सुमारे ७०० किलोमीटर.

शाळेतला पायथागोरस तो हाच. पृथ्वी गोल असली तरी हजार किलोमीटरच्या आतल्या अंतराला या रीतीने पडणारा फरक इतका किरकोळ असतो की त्याने प्रवासाचे काही बिघडत नाही.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली अंश-कला यांची. कोल्हापूरचा अक्षांश काही ठिकाणी “१६ अंश ३९ कला” असा दिलेला असतो. लोक तो १६.३९ असा लिहितात. ६० कलांचा एक अंश होतो, म्हणून ३९ ला ६० ने भागायचे: ०.६५. म्हणजे १६.६५. ही एक चूक अंतरात जवळपास २० किलोमीटरचा घोळ करते. दुसरी चूक एककांची. तेच अंतर कुणी ४३६ मैल दाखवतो, कुणी ३७९ सागरी मैल. विमानाचा वेग तर बहुतेक वेळा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांमध्ये दिलेला असतो. किलोमीटरला नॉटने भागले की वेळ जवळपास दुप्पट येतो. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, हे लक्षात ठेवा.

सावधान: हे ७०० किलोमीटर हवेतले आहेत. टॅक्सीवाल्याशी किंवा ट्रॅव्हल्सच्या भाड्याशी त्याची तुलना करू नका. रस्ता सोलापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ असा वळत जातो आणि महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, मनमाड, भुसावळ असा मोठा वळसा घेते.

## टप्पा ३: विमान खरेच उडते का, ते बघा

आकडा हातात आला की लोक थेट वेळेकडे वळतात. जरा थांबा. छोट्या विमानतळांवरची सेवा रोज असेलच असे नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस विमान आणि उरलेले दिवस काही नाही, हे नेहमीचे. उडान योजनेत सुरू झालेल्या मार्गांना सरकारी मदत ठरावीक मुदतीपुरतीच मिळते. ती संपली की काही मार्ग बंद पडतात आणि जुनी संकेतस्थळे त्यांची वेळ वर्षानुवर्षे दाखवत राहतात.

म्हणून वेळापत्रक विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर, तुमच्याच तारखेला बघा. शिवाय वर्षातून दोनदा वेळापत्रक बदलते: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. सप्टेंबरमध्ये बघितलेली वेळ दिवाळीनंतर खरी असेलच असे नाही. तिकीट आधीच काढले असेल तर या दोन तारखांनंतर वेळ पुन्हा एकदा जुळवून घ्या. बदलाचा संदेश कंपनी तिकिटावरच्या मोबाइल क्रमांकावर पाठवते, आणि तो क्रमांक एजंटचा असला तर तुम्हाला काहीच कळत नाही. तिकीट काढताना प्रवाशाचा स्वतःचा नंबर टाकायला सांगा.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक. डिसेंबरमधले हिवाळी अधिवेशन आणि दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमीवर होणारी गर्दी, या दोन काळांत जागा लवकर भरतात. थेट विमानात मोजक्याच खुर्च्या असतात, त्यामुळे या दिवसांसाठी तिकीट लवकर काढून ठेवावे.

## टप्पा ४: विमान कुठले, त्यावरून वेळ काढा

सगळी विमाने एकाच वेगाने जात नाहीत. छोट्या विमानतळांवर दोन तऱ्हेची विमाने येतात. पंखा फिरणारे एटीआर-७२, सत्तर-ऐंशी खुर्च्यांचे, ताशी साधारण ५०० किलोमीटर वेगाचे. आणि एम्ब्रेअर किंवा एअरबससारखे जेट, जे वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास सहज धरते. तिकीट काढताना “विमानाचा प्रकार” असे बारीक अक्षरात लिहिलेले असते, ते वाचा.

मी वापरतो ते सूत्र असे:

- जेट असेल तर अंतराला ८०० ने भागा आणि त्यात ३० मिनिटे मिळवा.
- एटीआर असेल तर ४८० ने भागा आणि २५ मिनिटे मिळवा.

वरची २५-३० मिनिटे धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरताना वेग कमी करणे, रांगेत थांबणे आणि जागेवर येऊन लागणे यांची. ती जवळच्या प्रवासालाही लागतात, दूरच्याही. म्हणूनच कोल्हापूर–मुंबई हवेतून अवघे ३०८ किलोमीटर असूनही एटीआरला तासाभराच्या वर लागतो.

कोल्हापूर–नागपूर ७०० किलोमीटर: जेटला साधारण १ तास २० मिनिटे, एटीआरला १ तास ५० मिनिटे. अंतर तेच, फरक अर्ध्या तासाचा. उतरल्यावर पुढची गाडी पकडायची असेल तर हा अर्धा तास भारी पडतो.

तिकिटावर सुटण्याच्या आणि पोचण्याच्या ज्या वेळा असतात, त्यांच्यामधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतचा तो काळ. तुमचे उत्तर ब्लॉक टाइमच्या दहा मिनिटे मागेपुढे आले तर गणित बरोबर आहे. अर्ध्या तासाहून जास्त फरक पडला तर बहुतेक वेळा मध्ये थांबा असतो आणि तो तुमच्या नजरेतून सुटलेला असतो.

हिवाळ्यात वरच्या थरात वारे पश्चिमेकडून वाहतात. नागपूरकडे जाताना ते पाठीवर आणि परतताना तोंडावर येतात, त्यामुळे जेटच्या परतीच्या वेळात काही मिनिटे वाढतात. एटीआर २५,००० फुटांच्या खालीच उडते, तिथे या वाऱ्यांचा जोर कमी.

ब्लॉक टाइम लक्षात ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. पुरेशा आधी न कळवता कंपनीने विमान रद्द केले, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे मिळणारी भरपाई याच आकड्यावर ठरते: १ तासापर्यंत ५,००० रुपये, १ ते २ तासांपर्यंत ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. हवामानासारखे कारण कंपनीच्या हाताबाहेरचे असले तर ही भरपाई मिळत नाही. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल आणि विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. आपले सगळे मार्ग या अडीच तासांच्या आतले आहेत. काउंटरवर जाऊन शांतपणे मागा, मिळते.

## टप्पा ५: थेट विमान नसेल तर थांबा कुठे घ्यायचा

घाई सगळ्यात जास्त इथे होते. कोल्हापूरचा माणूस सवयीने मुंबईमार्गे बघतो. नकाशावर हैदराबाद फार दूर वाटते. पण टप्पा २ च्या रीतीने मोजून बघा:

- मुंबईमार्गे: ३०८ अधिक ६८१, म्हणजे ९८९ किलोमीटर.
- हैदराबादमार्गे: ४४४ अधिक ४३३, म्हणजे ८७७ किलोमीटर.

हैदराबादचा रस्ता ११२ किलोमीटरने कमी. पण वेळ? पहिला टप्पा एटीआरचा आणि दुसरा जेटचा धरला तर मुंबईमार्गे ६५ अधिक ८० मिनिटे आणि हैदराबादमार्गे ८० अधिक ६५. दोन्हीकडे २ तास २५ मिनिटे! मुंबईमार्गे संथ विमानाचा टप्पा आखूड पडतो आणि लांबचा पल्ला जेट ओढते, म्हणून जास्तीचे ११२ किलोमीटर भरून निघतात. नुसत्या अंतरावरून मार्ग निवडला असता तर हे कळलेच नसते.

मग निवड कशावर करायची? मधल्या थांब्यावर. मुंबईत एका टर्मिनलवर उतरून दुसऱ्यावरून निघायचे असेल तर रस्त्याने गाडीने जावे लागते, पुन्हा सुरक्षा तपासणी होते. हैदराबादला एकच टर्मिनल आहे. वयस्कर माणूस एकटा जाणार असेल तर मी हैदराबाद सुचवतो, भाडे पाचशे-हजाराने जास्त असले तरी.

सावधान: दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर काढा. मग सामान थेट नागपूरला जाते, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे सुटले तर पुढची सोय कंपनीने बघायची. दोन सुटी तिकिटे असतील तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही उशिरा आलेले प्रवासी, तिकीट बुडाले. सुटी तिकिटे काढावीच लागली तर मध्ये किमान साडेतीन तास ठेवा. एका पीएनआरवर दोन ते अडीच तास पुरतात.

## टप्पा ६: घरापासून घरापर्यंतची बेरीज

आता सगळे एका खाली एक लिहा. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतून नागपूरच्या धरमपेठेत, थेट जेटने:

1. घर ते उजळाईवाडी: ३० मिनिटे. वाटेत नाक्यांवर अडकायला होते, तेवढी सूट यात धरली आहे.
2. विमान सुटण्याआधी विमानतळावर: ९० मिनिटे. काउंटर साधारण ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होतो. नेमकी वेळ तिकिटावर असते, तीच प्रमाण माना.
3. ब्लॉक टाइम: ८० मिनिटे.
4. उतरणे आणि सामान: २५ मिनिटे.
5. सोनेगाव ते धरमपेठ: ४० मिनिटे. मेट्रो स्वस्त आहे, पण स्थानक टर्मिनलच्या दाराशी नाही. जड बॅग असेल तर गाडीच घ्या.

बेरीज ४ तास २५ मिनिटे. संकेतस्थळ म्हणत होते १ तास २० मिनिटे.

हाच प्रवास अडीच तासांचा थांबा घेऊन मुंबई किंवा हैदराबादमार्गे केला तर ८ तास होतात. सांगलीहून निघणाऱ्याने पहिल्या ओळीत ३० ऐवजी ९० मिनिटे लिहावीत. मावशीच्या वेळी मावसभावाने ही पहिली ओळ लिहिलीच नव्हती. जयसिंगपूर ते उजळाईवाडी हा भाग “होईल तासाभरात” म्हणून सोडून दिला होता.

तपासा: सुटण्याच्या वेळेतून उलटे मोजत या. विमान ११ वाजता असेल तर विमानतळावर ९.३० ला आणि मंगळवार पेठेतून ९ वाजता निघायचे. सांगलीहून ८ ला.

## टप्पा ७: पाऊस, पूर आणि धुके

जुलै-ऑगस्टमध्ये विमानाच्या आधी रस्त्याची चौकशी करा. विमानतळ पंचगंगेच्या दक्षिणेला आहे. सांगली, जयसिंगपूर, हातकणंगल्याकडून येणारे लोक शिरोलीच्या सांगली फाट्यावर महामार्गाला लागतात आणि तिथून नदी ओलांडतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी इशारा पातळीकडे सरकायला लागली की आदल्या दिवशीच नदी ओलांडून कोल्हापुरात नातेवाइकांकडे मुक्काम करा. पहाटे निघून बघू, हा विचार तेव्हा नको.

विमानाचेही तेच. छोट्या विमानतळांवर ढग खाली उतरले किंवा दृश्यमानता घटली की विमान घिरट्या घालून परत जाते. असे विमान “उशिरा” नसते, त्या दिवसापुरते बरेचदा रद्दच होते, कारण काही विमानतळांच्या कामकाजाचे तास मर्यादित असतात आणि संध्याकाळनंतर त्याला जागाच मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात शेवटचे विमान टाळा आणि परीक्षा, मुलाखत, कोर्टाची तारीख, शस्त्रक्रिया असे काही असेल तर आदल्या दिवशी पोचा. बारसे असले तरी!

## टप्पा ८: निघायच्या दिवशी

सकाळी उठल्यावर तुमच्या विमानाची स्थिती बघण्याआधी तेच विमान त्याआधी कुठून येणार आहे ते बघा. छोट्या मार्गांवर एकच विमान दिवसभर गावोगाव फिरते. सकाळी पहिल्या गावी तासभर अडकले तर दुपारी कोल्हापुरातही तासभर उशीर होणार, मग बोर्डवर काहीही लिहिलेले असो. फ्लाइटरडारसारख्या अ‍ॅपवर विमानाचा क्रमांक टाकला की ते कुठे आहे ते दिसते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडचे धुके असेच साखळीने खाली येते.

उशीर दिसला तरी घरातून निघायची वेळ मागे ढकलू नका. काउंटर मूळ वेळेप्रमाणे बंद होऊ शकतो.

एटीआर असेल तर हातातली बॅग लहान ठेवा. डोक्यावरचे कप्पे अरुंद असतात, मोठी बॅग शिडीपाशी काढून घेतात आणि ती उतरल्यावर परत मिळते. औषधे, चष्मा, कागदपत्रे त्यात ठेवू नका. या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात-उतरतात, म्हणून पुढे लवकर निघायचे असेल तर मागची खुर्ची घ्या.

परतीचे तिकीट काढताना पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सगळे करा. जायचे विमान जेट आणि यायचे एटीआर, जाताना थेट आणि येताना थांबा, असे हमखास निघते. मावशीच्या परतीच्या वेळी आम्ही तेच केले. थेट विमान मिळाले, फक्त त्यासाठी तिला नागपुरात दोन दिवस जास्त राहावे लागले.